कार्बन लाभांश

कार्बन लाभांश म्हणजे पेट्रोल, डिझेल, कोळसा, नैसर्गिक गॅस असं जे जे जाळून कार्बन डायऑक्साइड निघतो त्याच्यावर टनाच्या हिशोबाने टॅक्स लावायचा, आणि जमलेला पैसा सरकारने स्वतःकडे न ठेवता लोकांना परत वाटून टाकायचा, सगळ्यांना सारखा. जास्त जाळणारा जास्त भरतो, परत मिळतं ते मात्र सगळ्यांना तेवढंच, त्यामुळे कमी जाळणाऱ्याच्या हातात उलट चार पैसे उरतात. अर्थशास्त्रज्ञांचं एरवी कशावरच एकमत होत नाही पण या गोष्टीवर बऱ्यापैकी आहे. राजकारणात मात्र तिचे हाल झाले, आणि ते सगळ्यात नीट बघायला मिळतात कॅनडात, कारण तिथे ही योजना बऱ्याच प्रांतांत २०१९ ते २०२५ खरोखर चालली, लोकांच्या खात्यात पैसे आले, आणि तरीही ती बंद पडली. म्हणून ही नोंद मुख्यतः कॅनडाची आहे.

मागचा हिशोब

कल्पना जुनीच आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडलं होतं की एखाद्याच्या धंद्याचा त्रास तिसऱ्यालाच होत असेल आणि त्याची किंमत धंदा करणारा भरत नसेल तर तेवढा टॅक्स त्याच्यावर लावावा. धूर सोडायला फुकट आहे म्हणून लोक सोडतात, फुकट नसेल तर प्रत्येक जण आपापल्या परीने मार्ग काढतो, कोणी घराला इन्सुलेशन करतं, कोणी छोटी गाडी घेतं, कारखानदार भट्टी बदलतो, आणि कोणी काय करायचं हे सरकारला ठरवत बसावं लागत नाही. हवामान बदलाचं अर्थशास्त्र उभं करणाऱ्या विल्यम नॉर्डहाउस यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं, त्यांचाही भर कार्बनला किंमत लावण्यावरच होता. फिनलंडने १९९० मध्ये असा टॅक्स लावला, स्वीडनने १९९१ मध्ये.

अडचण अशी की इंधन महाग झालं की गरिबाला जास्त टोचतं. श्रीमंत माणूस एकूण जास्त जाळतो हे खरं, पण गरिबाच्या पगारातला मोठा वाटा पेट्रोल आणि घर गरम ठेवण्यात जातो. फ्रान्समध्ये २०१८ मध्ये कार्बन टॅक्स टनाला ४४.६० युरोवर गेला, पुढच्या वर्षी अजून वाढणार होता, आणि नोव्हेंबरमध्ये पिवळी जॅकेटं घालून लोक रस्त्यावर उतरले, सरकारला वाढ थांबवावी लागली. तिथे लोकांना सरळ चेक परत मिळत नव्हता. लाभांशाची कल्पना नेमकी याच ठिकाणी कामाला येते.

ब्रिटिश कोलंबियाची सुरुवात

कॅनडात याची सुरुवात डाव्यांनी केली नाही. १ जुलै २००८ ला ब्रिटिश कोलंबिया प्रांताने टनाला १० डॉलरने टॅक्स सुरू केला, आणि तिथलं सरकार उजवीकडे झुकलेलं होतं, प्रीमियर म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री होते गॉर्डन कॅम्पबेल. (त्यांच्या पक्षाचं नाव लिबरल असलं तरी केंद्रातल्या लिबरल पक्षाशी त्याची गल्लत करू नये.) जेवढा टॅक्स येईल तेवढी इन्कम टॅक्समध्ये कपात आणि गरिबांना टॅक्स क्रेडिट (म्हणजे टॅक्स खात्याकडून मिळणारी मदत), सरकारकडे जादा काही उरणार नाही असं त्यांनी कायद्यातच घातलं, आणि टॅक्स सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला १०० डॉलर पाठवूनही दिले. विरोध कोणी केला? तर डाव्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने, 'टॅक्स हटवा' म्हणत त्यांनी २००९ ची निवडणूक लढवली आणि हरले. पुढे टॅक्स २०१२ पर्यंत ३० डॉलरवर गेला, आणि प्रांताच्या उत्सर्जनात अंदाजे ५ ते १५ टक्के घट या टॅक्समुळे झाली असं अभ्यासकांनी मांडलं.

त्याच २००८ मध्ये केंद्रात लिबरल नेते स्टेफान डिऑन असाच प्रस्ताव घेऊन निवडणुकीत उतरले आणि साफ पडले. म्हणजे एकाच वर्षी, एकाच देशात उजव्यांनी आणलेला टॅक्स टिकला आणि मधल्या-डाव्यांनी मांडलेला लोकांनी नाकारला. माझं मत असं की इथेच अर्धं गुपित आहे, टॅक्स किती यापेक्षा तो कोण आणतंय आणि तो पैसे लाटेल की नाही याचा विश्वास जास्त महत्त्वाचा ठरला. अल्बर्टा तर तेलाचा प्रांत, पण तिथल्या कन्झर्व्हेटिव्ह सरकारनेच २००७ मध्ये मोठ्या कारखान्यांच्या उत्सर्जनावर टनाला १५ डॉलर लावले होते, हे आज तिथल्या कोणाला सांगितलं तर पटत नाही.

२०१४ मध्ये इकोफिस्कल कमिशन नावाचा अर्थशास्त्रज्ञांचा गट झाला, त्याच्या सल्लागारांत एका बाजूला माजी लिबरल पंतप्रधान पॉल मार्टिन आणि दुसऱ्या बाजूला रिफॉर्म पक्षाचे संस्थापक, पक्के उजवे प्रेस्टन मॅनिंग. दोघांनी एका टेबलावर बसून कार्बनला किंमत हवी म्हणणं ही त्यावेळी लहान गोष्ट नव्हती.

केंद्राची योजना आणि दिसण्याचा प्रश्न

२०१८ मध्ये पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांच्या लिबरल सरकारने कायदा केला, ज्या प्रांताची स्वतःची व्यवस्था नाही किंवा पुरेशी कडक नाही तिथे केंद्र टॅक्स लावेल. २०१९ मध्ये टनाला २० डॉलर, दरवर्षी वाढत २०२४ मध्ये ८०, आणि २०३० पर्यंत १७० करायचा प्लॅन. जमलेल्यातले सुमारे ९० टक्के घरांना परत. ऑन्टारिओ, सस्कॅचवान आणि अल्बर्टा कोर्टात गेले, पण मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा वैध ठरवला.

आता आकडे जरा जवळून बघू, कारण सगळं भांडण याच आकड्यांवर झालंय. ८० डॉलर टनाला म्हणजे पेट्रोलवर लिटरला १७.६१ सेंट, ४० लिटरची टाकी भरली की साधारण ७ डॉलर. घरातल्या गॅसवर घनमीटरला १५.२५ सेंट. समजा ऑन्टारिओतलं चौघांचं घर वर्षाला २,००० लिटर पेट्रोल आणि २,२०० घनमीटर गॅस वापरतं, तर थेट टॅक्स होतो ६८८ डॉलरच्या आसपास, त्याच्यावर सेल्स टॅक्सही लागायचा, टॅक्सवर टॅक्स, ही लोकांची तक्रार खरीच होती, तो धरला तर ७७७. आणि त्या घराला २०२४-२५ मध्ये परत मिळत होते वर्षाला १,१२०, तीन महिन्यांनी २८०. अल्बर्टात चौघांना तीन महिन्यांनी ४५०. किराणा आणि वाहतूक थोडी महागते ते यात धरलेलं नाही, पण ते धरूनही बहुतेक मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या घरांना या सरळ देण्याघेण्यात तोटा नव्हता.

मग लोक चिडले का? कारण टॅक्स रोज डोळ्यासमोर आणि परतावा कुठे तरी कोपऱ्यात. पहिली काही वर्षं तर तो वेगळा येतच नव्हता, इन्कम टॅक्स रिटर्न भरताना एक रकाना होता, त्यातून तो रिफंडमध्ये मिसळून जायचा, आणि नवराबायकोपैकी एकालाच मिळायचा म्हणजे दुसऱ्याला पत्ताच नाही. जुलै २०२२ पासून तो दर तीन महिन्यांनी थेट खात्यात यायला लागला, पण बँकेच्या स्टेटमेंटवर त्याची एन्ट्री धड नावाने येईलच असं नव्हतं. मी स्वतः ऑन्टारिओत राहते, आमच्या ओळखीच्या एका मराठी घरी काकांनी जेवताना कार्बन टॅक्सला शिव्या घातल्या तेव्हा काकूंनी फोनवर खातं उघडून बघितलं तर जानेवारीत, एप्रिलमध्ये, जुलैत, दरवेळी रक्कम आलेली, नाव मात्र असं की टॅक्स क्रेडिट आहे की मुलांचा भत्ता हे कळूच नये. काका काही वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "अगं मग सांगायचं ना कोणीतरी!" त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. परताव्याचं सरकारी नाव आधी 'क्लायमेट ॲक्शन इन्सेंटिव्ह पेमेंट' असं लांबलचक, त्यात कार्बन शब्द नाही की परतावा शब्द नाही, २०२४ मध्ये ते बदलून 'कॅनडा कार्बन रिबेट' केलं आणि बँकांच्या मागे लागले की एन्ट्रीवर हेच नाव टाका. तोपर्यंत पाच वर्षं गेली होती.

दुसऱ्या बाजूने काय केलं बघा. ऑन्टारिओच्या कन्झर्व्हेटिव्ह सरकारने २०१९ मध्ये प्रत्येक पेट्रोल पंपावर स्टिकर लावायची सक्ती केली, कार्बन टॅक्समुळे आज लिटरला ४.४ सेंट आणि २०२२ पर्यंत ११ सेंट जास्त, असं त्यावर लिहिलेलं, परताव्याचा एक शब्द नाही, आणि न लावणाऱ्या पंपाला दंड. सप्टेंबर २०२० मध्ये कोर्टाने ही सक्ती अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द केली. गोंद चांगला नसल्याने बरेच स्टिकर आधीच गळून पडले होते, पण आकडा लोकांच्या डोक्यात चिकटला तो चिकटलाच.

राज्यशास्त्राचे अभ्यासक मॅटो मिल्डेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये कॅनडा आणि स्वित्झर्लंडचा अभ्यास छापला, स्वित्झर्लंडमध्ये हा परतावा आरोग्य विम्याच्या बिलातून वजा होतो म्हणजे तिथेही तो दिसत नाही. त्यांना आढळलं की परताव्यामुळे लोकांचा पाठिंबा फारसा वाढलेला नाही, आपल्याला किती मिळतं हे बऱ्याच जणांना माहीतच नाही, आणि आपला पक्ष काय म्हणतो यावर लोक ठरवतात की मिळालं की नाही. नुसती रक्कम वाढवली की माणसं पटतील हा अर्थशास्त्रज्ञांचा भाबडेपणा होता, असं मला वाटतं, आणि हे मी त्यांच्या बाजूची असून म्हणते.

भर म्हणून संसदेच्या बजेट अधिकाऱ्यांच्या कार्यालयाने काढलेले आकडे. एका हिशोबात फक्त देणं-घेणं धरलं की बहुतेक घरं फायद्यात, दुसऱ्यात पगारावर आणि गुंतवणुकीवर होणारा परिणाम धरला की तोट्यात. विरोधी पक्षाने दुसरा उचलला, सरकारने पहिला. २०२४ मध्ये कार्यालयाने मान्य केलं की दुसऱ्या हिशोबात कारखान्यांवरचा कार्बन दरही चुकून मिसळला गेला होता, ऑक्टोबरमध्ये सुधारलेले आकडे आले आणि तोटा आधीपेक्षा कमी निघाला. पण तोवर जुना चुकीचा आकडा गावभर झालेला, दुरुस्ती कोण वाचतंय.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने स्वतःच घर गरम करायच्या तेलावरचा टॅक्स तीन वर्षांसाठी थांबवला. हे तेल मुख्यतः अटलांटिक किनाऱ्याच्या प्रांतांत वापरतात, जिथे सत्ताधारी खासदार अडचणीत होते. प्रेअरीतल्या, म्हणजे अल्बर्टा-सस्कॅचवानकडच्या सपाट मैदानी प्रांतांतल्या लोकांनी विचारलं, आमच्या गॅसला का नाही? त्याला चांगलं उत्तर नव्हतंच. माझ्या मते योजनेचा कणा त्या दिवशी मोडला, कारण सगळ्यांना सारखा नियम हीच तिची नैतिक ताकद होती.

अमेरिकेतले प्रयत्न

अमेरिकेत हीच कल्पना दोन्ही पक्षांना जोडायला वापरून बघितली. फेब्रुवारी २०१७ मध्ये रिपब्लिकन ज्येष्ठ जेम्स बेकर आणि जॉर्ज शुल्ट्झ यांनी टनाला ४० डॉलर आणि सगळा पैसा लोकांना असा प्रस्ताव मांडला, बदल्यात सरकारी नियम कमी करायचे, म्हणजे प्रत्येक बाजूला काहीतरी. जानेवारी २०१९ मध्ये लाभांशाच्या बाजूने अर्थशास्त्रज्ञांचं पत्रक निघालं, त्यावर पुढे ३,५०० हून जास्त सह्या झाल्या. २०१६ मध्ये फ्लोरिडाच्या कार्लोस कर्बेलो आणि टेड डॉइच या दोन खासदारांनी, एक रिपब्लिकन एक डेमोक्रॅट, हवामानावर गट केला आणि नियम ठेवला की समोरच्या पक्षाचा जोडीदार आणल्याशिवाय सदस्य होता येणार नाही. नियम सुंदर होता. पण जुलै २०१८ मध्ये कार्बन टॅक्सच्या विरोधातला ठराव आला तेव्हा गटातल्या बहुतेक रिपब्लिकनांनी ठरावाच्या बाजूनेच मत दिलं, आणि नोव्हेंबरमध्ये कर्बेलो स्वतः हरले. साउथ कॅरोलिनाचे बॉब इंग्लिस हे रिपब्लिकन तर २०१० मध्येच आपल्याच पक्षाच्या उमेदवार निवडायच्या निवडणुकीत हरले होते, कार्बन टॅक्सला पाठिंबा हे त्यातलं एक मोठं कारण.

अडवणूक एकाच बाजूने झाली असंही नाही. वॉशिंग्टन राज्यात २०१६ मध्ये कार्बन टॅक्स लावून सेल्स टॅक्स कमी करायचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्ष आणि काही पर्यावरण संघटनाच त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या नाहीत, त्यांना पैसा सोलर, बस, गरीब वस्त्यांवर खर्च करायचा होता. प्रस्ताव पडला. २०१८ मध्ये त्यांच्या मनासारखा दुसरा आणला, तोही पडला. शेवटी २०२१ मध्ये विधिमंडळाने वेगळीच व्यवस्था आणली, उत्सर्जनावर मर्यादा, परवान्यांचा लिलाव आणि पैसा कामांवर खर्च, आणि २०२४ मध्ये ती रद्द करायचा प्रस्ताव मतदारांनी मोठ्या फरकाने फेटाळला. चेकपेक्षा नवी बस लोकांना जास्त दिसते, हे निदान तिथे तरी खरं ठरलं.

भारताशी संबंध

भारतात असा लाभांश नाही. पण कोळशावर २०१० मध्ये टनाला ५० रुपये सेस लागला होता, तो २०१६ पर्यंत ४०० झाला, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून लावलेला हा पैसा २०१७ नंतर जीएसटीच्या भरपाईत गेला आणि बहुतेक लोकांना असा काही सेस आहे हेच कळलं नाही. पैसे थेट खात्यात टाकायची सवय मात्र आपल्याकडे आहे, गॅस सिलिंडरची सबसिडी तशीच यायची आणि मोबाइलवर मेसेजही यायचा.

शेवट कसा झाला

पियर पोलिएव्ह यांच्या कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने 'टॅक्स हटवा' हीच मुख्य घोषणा केली. गंमत नाही, खेदाची गोष्ट ही की २०२१ मध्ये याच पक्षाच्या जाहीरनाम्यात, एरिन ओटूल नेते असताना, कार्बनला किंमत होती, पैसा प्रत्येकाच्या वेगळ्या बचत खात्यात टाकायचा होता. दोन पक्षांतलं अंतर तेव्हा एवढं कमी होतं. मार्च २०२४ मध्ये २०० हून जास्त कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञांनी टॅक्सच्या बाजूने खुलं पत्र लिहिलं, पण एप्रिलची वाढ थांबवा म्हणणाऱ्या प्रीमियरमध्ये न्यूफाउंडलंडचे लिबरल प्रीमियरही होते. १४ मार्च २०२५ ला ट्रुडोंच्या जागी त्यांच्याच लिबरल पक्षाचे मार्क कार्नी पंतप्रधान झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी लोकांच्या इंधनावरचा दर शून्य करायच्या निर्णयावर सही केली. १ एप्रिलला तो लागू झाला, ब्रिटिश कोलंबियानेही त्याच दिवशी आपला १७ वर्षांचा टॅक्स थांबवला. मोठ्या कारखान्यांवरचा कार्बन दर मात्र चालू राहिला, आणि उत्सर्जन कमी करण्यात त्याचाच वाटा मोठा असेल असा अंदाज आधीपासून होता.

परताव्याचा शेवटचा हप्ता २२ एप्रिल २०२५ पासून खात्यांत जमा झाला, केंद्राच्या निवडणुकीचं मतदान २८ ला होतं. यावेळी तो बहुतेकांनी उघडून बघितला असावा.