वळीव, आगोट आणि बआल: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

साक्रीकडच्या एका ख्रिस्ती मंडळीत मे महिन्याच्या अखेरीस बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा ११वा अध्याय वाचला जात होता. ‘आगोटीचा व वळवाचा पाऊस’ हे शब्द आले आणि माझ्या शेजारी बसलेले आजोबा हळूच म्हणाले, “हाई उलटं लिखेल शे.” त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे आधी वळीव, मग आगोट. कनानात, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाईनच्या मुलखात, मात्र उन्हाळा सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिला पाऊस येतो, त्यावर नांगरट-पेरणी. मार्च-एप्रिलातला शेवटचा पाऊस दाणा भरतो. भाषांतरात शब्द आपले आले, क्रम तिकडचा राहिला.

‘परमेश्वर की बआल’ हा शास्त्रातला वाद समजून घ्यायचा तर याच पावसापासून सुरुवात करावी लागते. त्याच अध्यायात इस्राएलांचा पुढारी मोशे सांगतो की मिसरात (इजिप्तमध्ये) भाजीच्या मळ्यासारखं पायाने पाणी द्यावं लागे. पायाने माती सारून पाट फोडायचा, असा एक अर्थ लावला जातो. पांझरा नदीच्या फडात पाणी भरणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. पण पुढची भूमी, कनान, आभाळाचं पाणी पिणारी, म्हणजे सगळी कोरडवाहू. धूळपेरणी करून वर बघत बसणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच: पाऊस कुणाच्या हातात?

कनानी लोकांचं उत्तर होतं बआल, त्यांचा पावसाचा देव. १९२८ साली सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्राजवळ एका शेतकऱ्याच्या नांगराला थडग्याचा दगड लागला आणि उगारित हे प्राचीन नगर उजेडात आलं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर बआल ‘मेघांवर आरूढ होणारा’ आहे. मोत, म्हणजे मृत्यू, त्याला गिळतो तेव्हा शेतं करपतात. आता १०४वं स्तोत्र वाचा: मेघांना रथ करणारा परमेश्वर आहे. बआलाचं बिरुदच काढून घेतलंय.

इसवी सनापूर्वी नवव्या शतकात इस्राएलचा राजा अहाब याने सीदोनच्या राजाची मुलगी ईजबेल राणी म्हणून आणली आणि राजधानी शोमरोनात बआलाचं मंदिर उभं केलं. तेव्हा परमेश्वराचा संदेष्टा एलीया आला तो पावसावरच बोट ठेवून: माझ्या शब्दाशिवाय दंवही पडणार नाही. दुष्काळात त्याचं पोट भरलं सारफथात, सीदोनच्या मुलखात, ऐन बआलाच्या घरात. एका विधवेच्या मूठभर पिठावर. मला कर्मेल डोंगरावर परमेश्वराने पाडलेल्या अग्नीपेक्षा हा टोला जास्त जोरकस वाटतो. कर्मेलावर बआलाने अग्नी पाठवावा म्हणून त्याचे ४५० संदेष्टे सकाळपासून दुपारपर्यंत ओरडले, तेव्हा एलीया म्हणाला, देव झोपला असेल, उठवा. उगारितच्या पाट्या माहीत असल्या की ही थट्टा अधिक झोंबते. शेवटी चाकराला समुद्राकडे सातव्यांदा पाठवल्यावर तळहाताएवढा ढग दिसला. त्याआधी किशोन ओहोळाशी झालेली संदेष्ट्यांची कत्तल मात्र मला आजही सहज वाचवत नाही.

मिसरावरच्या १० पीडा, अश्दोदात परमेश्वराच्या कराराच्या कोशापुढे पालथा पडलेला पलिष्ट्यांचा देव दागोन, यशया संदेष्ट्याने रंगवलेला अर्ध्या लाकडावर भाकर भाजून उरलेल्याचा देव घडवणारा माणूस, हे सगळं याच सुरातलं. एक गोष्ट मात्र सहसा सांगायची राहते. एलीया कर्मेलावर बोलत होता तो आपल्याच माणसांशी, ‘दोन्ही मतांमध्ये लटपटणाऱ्या’ इस्राएलाशी. गावात पोराच्या अंगाला लिंबाचा पाला बांधून धोंड्या निघतो, बाया दारात त्याच्यावर तांब्याभर पाणी ओततात. त्यांना हिणवायला हा उतारा वापरणं म्हणजे एलीयाला भलत्याच्याच अंगावर सोडणं.

आणि कर्मेलाने वाद मिटलाही नाही. शंभरेक वर्षांनी होशेय संदेष्टा परमेश्वराच्या वतीने तेच गाऱ्हाणं मांडतो: धान्य, द्राक्षारस, तेल मी दिलं, हे तिला, म्हणजे परमेश्वराची बायको म्हणून रंगवलेल्या इस्राएलाला, कळलंच नाही. गुंता शब्दातही होता. ‘बआल’ म्हणजे मालक आणि नवराही, आपल्या ‘धनी’सारखा. लोक परमेश्वरालाही त्याच नावाने हाक मारत असत. होशेयाच्या तोंडून परमेश्वर म्हणतो, त्या दिवशी तू मला ‘माझा पती’ म्हणशील, ‘माझा बआल’ म्हणणार नाहीस.