पेट्रोल इंजिनाला यांत्रिक इंजेक्शन : माप कसं जुळवत आले

बेळगाव, निपाणी, खानापूर भागात जुनी पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर जिवापाड सांभाळणारी घरं अजून आहेत. अशा गाडीचा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) काढून यांत्रिक फ्युएल इंजेक्शन (पंपानं मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा) बसवायचं, तेही कॉम्प्युटरशिवाय, हे ऐकायला अचाट वाटतं. पण इंजेक्शन या भागाला नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये आपला कारखाना बेळगावहून कुंडलच्या माळावर नेला, तरी लोखंडाचं काम इथून गेलं नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आजही फाउंड्री आणि लेथ चालतात. ट्रॅक्टर-ट्रकचा डिझेल पंप खोलणारे, प्लंजर (इंधन ढकलणारी दांडी) बदलणारे, नोझलचा फवारा तपासून देणारे मिस्त्री इथे भेटतात. पेट्रोलला त्यांचं कसब लागतंच, शिवाय मापाचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो.

डिझेल इंजिन हवा हवी तेवढी ओढतं. कमी-जास्त होतं ते फक्त इंधन. पेट्रोल इंजिनात एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा हा मेळ निवांत चालताना, चढावर आणि पूर्ण रेस दिल्यावरही जवळपास टिकवावा लागतो. कार्बोरेटर हे काम हवेच्या ओढीवर आपोआप करतो. पंपाला ते शिकवावं लागतं.

जर्मनीच्या बॉश कंपनीनं डिझेलचे पंप १९२७ पासून मोठ्या संख्येनं बनवले. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानांच्या पेट्रोल इंजिनांत तेच तंत्र आलं आणि १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये ते रस्त्यावर उतरलं. पेट्रोलला डिझेलसारखा वंगणाचा गुण नाही, म्हणून प्लंजरला इंजिन ऑइल पुरवावं लागे. जुना डिझेल पंप जसाच्या तसा पेट्रोलवर चालवून बघणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

पुढे वाटा फुटल्या. जर्मनीच्या कुगेलफिशर कंपनीच्या पंपात शंकूसारखा कॅम (फिरताना प्लंजरला ढकलणारा भाग) असे. इंजिनाचा वेग आणि थ्रॉटल (हवेची झडप) मिळून प्लंजरची चाल ठरवत. प्यूजो ४०४ आणि बीएमडब्ल्यू २००२ टीआयआय याच पंपावर धावल्या. इंग्लंडच्या लुकासची रचना मला सगळ्यांत देखणी वाटते. विजेचा पंप सुमारे ७ बार दाब देतो, आणि इंजिनाच्या निम्म्या वेगानं फिरणाऱ्या वाटपयंत्रात एक छोटा शटल दोन थांब्यांमध्ये पुढेमागे होतो. थांब्यांमधलं अंतर म्हणजेच प्रत्येक सिलिंडरला जाणारं पेट्रोल. ट्रायम्फ टीआर५ मध्ये १९६७ ला हे आलं. मात्र उन्हाळ्यात पंप तापून पेट्रोलची वाफ होण्याचा त्रास या गाडीला चिकटला. अमेरिकेत धुराच्या नियमांमुळे तीच गाडी कार्बोरेटर लावून विकावी लागली. बॉशच्या १९७३ च्या के-जेट्रॉनिक यंत्रणेनं आत येणारी हवा एका तबकडीनं मोजली आणि मापाचा प्रश्न बराच सुटला.

छोट्या इंजिनाचा खरा पेच हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) आहे. इंग्लंडच्या छोट्या मिनी गाडीचं ए-सिरीज इंजिन आणि अॅम्बेसेडरचं १४८९ सीसी बी-सिरीज, दोन्हींत चार सिलिंडरना आत येणारी तोंडं दोनच: एक पहिल्या-दुसऱ्याला, एक तिसऱ्या-चौथ्याला. सिलिंडर पेटण्याचा क्रम (फायरिंग) १-३-४-२ असल्यानं जोडीतले दोन सिलिंडर लागोपाठ हवा ओढतात, मग बराच वेळ दोघंही गप्प. तोंडाशी सतत फवारा धरला तर त्या रिकाम्या वेळात साठलेलं पेट्रोल आधी उघडणारा सिलिंडर पिऊन टाकतो: मधले दोन भरपेट, कडेचे दोन उपाशी. उपाशी सिलिंडर तापतो आणि पिस्टन जातो. म्हणून शर्यतीच्या मिनींना आठ तोंडांचं वेगळं हेड बसवून मग इंजेक्शन दिलं गेलं. कारखान्यानं १९९१ मध्ये मिनीला इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन दिलं तेव्हाही पहिल्यांदा फवारा एकच ठेवला, थ्रॉटलपाशी.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी मध्ये येतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण ७ टक्के विरळ. केवळ थ्रॉटल आणि वेग पाहून मापणाऱ्या पंपाला हे कळत नाही, तो पेट्रोल तेवढंच देतो आणि मिश्रण गडद (पेट्रोल जास्त) होतं. दुसरी गोष्ट उसाची. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागलं, आणि त्यातलं काही इथेनॉल आपल्यासारख्याच साखरपट्ट्यांतून येतं. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे तेवढ्याच मापात मिश्रण ६-७ टक्क्यांनी पातळ (पेट्रोल कमी) होतं. जुन्या पेट्रोलवर, किनाऱ्याच्या हवेत बसवलेलं माप त्यामुळे बेळगावात आजच्या पेट्रोलवर जवळपास बरोबर येतं! मात्र तीच गाडी चोर्ला घाट उतरून गोव्यात गेली की हवा दाट होते आणि मिश्रण पातळ राहतं. पंपाला उंचीनुसार माप बदलणारी दाबडबी नसेल, तर खाली उतरताना माप हातानंच थोडं वाढवावं लागतं. जुने रबरी पाइप आणि सील तर इथेनॉलला टिकणारे घालावेच लागतात. ७ बार दाबाखालचा पाइप गरम इंजिनावर फुटला, तर गाडी पेटते.