पालेचं लेणं आणि लोहगडवाडीच्या सहा ओळी

मावळात कार्ले, भाजे, बेडसे ही बौद्ध लेणी इतकी ठळक आहेत की आजूबाजूच्या डोंगरांतल्या लहान लेण्यांकडे फारसं कोणी वळत नाही. पाले गावाजवळचं लेणं त्यातलंच. (महाडचं गांधारपाले वेगळं. तो बौद्ध लेणीसमूह आहे आणि दोघांची गल्लत वारंवार होते.) कार्ल्याच्या चैत्यगृहाचा थाट इथे नाही, पण हे लेणं जैन मानलं जातं आणि त्याच्यामुळे महाराष्ट्रातल्या जैन धर्माचा इतिहास आणखी जुन्या काळापर्यंत गेला.

१९६९ मध्ये इथला ब्राह्मी शिलालेख उजेडात आला. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी त्याचा अभ्यास केला. ‘नमो अरहंतानं’ (अरहंतांना नमस्कार) अशी सुरुवात, मग भदंत, म्हणजे पूज्य साधू, इंदरखित (इंद्ररक्षित) याने लेणं आणि पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, खोदवल्याची नोंद. राजाचं नाव नाही, वर्ष नाही. त्यामुळे काळ ठरवायचा तो अक्षरांच्या वळणावरूनच: इ.स.पू. दुसरं ते पहिलं शतक.

अडचण अशी की ‘अरहंत’ आणि ‘भदंत’ हे दोन्ही शब्द बौद्धांतही चालतात. परिसर बौद्ध लेण्यांचा, त्यामुळे शंका घ्यायला जागा होती. मात्र अशा वंदनेने लेख सुरू करण्याची रीत प्रामुख्याने जैनांची. ओडिशातल्या उदयगिरीचा, खारवेल या जैन राजाचा हाथीगुंफा लेखही याच शब्दांनी उघडतो.

सप्टेंबर २०१२ मध्ये लोहगडाच्या पूर्वेला, लोहगडवाडीच्या लेण्याच्या बाहेरच्या भिंतीवर दुसरा लेख सापडला, तोही डोंगर भटकणाऱ्यांना. सहा ओळी, साधारण ५० सेंमी रुंद आणि ४० सेंमी उंच. सुरुवात तीच, दात्याचं नावही तेच, फक्त अनुस्वाराविना: इदरखित. त्याने परिसरात पाण्याची टाकी आणि दगडी बैठका करून दिल्या असं त्यात आहे. एकट्या पालेच्या लेखाला जे बळ नव्हतं ते या जोडीने आलं, आणि पालेचं लेणं जैन असल्याचं मत पक्कं होत गेलं.

असे लेख नजरेतून का सुटतात? सह्याद्रीचा कातळ सच्छिद्र आहे आणि ब्राह्मीतला ‘इ’ म्हणजे नुसते तीन ठिपके. ‘इदरखित’ या नावाचं पहिलं अक्षरच दगडाच्या भोकांत हरवतं, अनुस्वाराचंही तेच. समोरून टॉर्च मारला तर कोरीव रेषा सपाट होऊन जाते. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरावा, आधी डावीकडून, मग उजवीकडून. दोन्ही उजेडांत जी रेषा टिकते ती कोरलेली असण्याची शक्यता जास्त. फोटोत मोजपट्टी हवी. खडू, कोळसा, तेल, हळद काहीही अक्षरांत भरू नये: भरणारा स्वतःचं वाचन दगडावर गिरवतो आणि पुढच्याला मूळ रेषा उरत नाही.

पावसाळ्यात शेवाळ अक्षरं झाकतं. पाऊस सरला की जावं, आणि आधी वर पाहून आग्या मोहोळ आहे का ते तपासावं. टाक्यांची नोंद करताना तोंडाची लांबी-रुंदी, पाण्यापर्यंतचं अंतर, छिन्नीच्या खुणा आणि लेण्यापासूनची दिशा टिपावी. लेखातली टाकी नेमकी कोणती, याचा माग अशाच मोजमापांतून काढता येईल.