अक्षर मोठे करणारा मोबाइल : अल्पदृष्टीच्या साधनांची पार्श्वभूमी

चष्मा, औषधे किंवा शस्त्रक्रियेनंतरही ज्यांची नजर पूर्ण सुधारत नाही, पण काही प्रमाणात शिल्लक राहते, अशा माणसांना आपल्याकडे फार काळ डोळस किंवा अंध याच दोन गटांत धरले गेले. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्याने अल्पदृष्टीला वेगळे स्थान दिले आणि २०१६ च्या कायद्याने तिची मापे नव्याने बांधली. निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे अक्षर ज्याला ३ मीटरवरून ओळखावे लागते, तो माणूस या व्याख्येच्या खालच्या टोकाला येतो.

त्याच्या हाती पूर्वी होते ते भिंग. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील रँड संस्थेत सॅम्युएल जेनेन्स्की या गणितज्ञाने, जो स्वतःच अत्यंत अधू दृष्टीचा होता, कॅमेऱ्याखाली कागद ठेवून त्यावरील मजकूर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मोठा करून दाखवणारे यंत्र सहकाऱ्यांसह विकसित केले. आजच्या मोबाइलमधील भिंगाचे मूळ तत्त्व हेच आहे. मात्र टेबलभर पसरणारी ती यंत्रे महाग होती आणि सोबत नेता येत नव्हती.

फोनच्या पडद्यावरील मजकूर वाढवण्याची सोय २००९ मध्ये आयफोन ३जीएसमध्ये अंगभूत आली, तर २०१२ च्या अँड्रॉइड ४.२ मध्ये पडद्यावर तीनदा टिचकी मारून चित्र मोठे करता येऊ लागले. कॅमेऱ्यालाच भिंग बनवणारी सोय ॲपलने २०१६ मध्ये आयओएस १० मध्ये दिली आणि पिक्सेल फोनसाठी गुगलचे तसे ॲप २०२३ मध्ये आले. इतर बहुतेक फोनवर लोक साध्या कॅमेऱ्याने फोटो काढतात आणि दोन बोटांनी तो ताणतात. माझ्या मते ही पद्धत कमी प्रतीची मानू नये, कारण हलत्या चित्रापेक्षा स्थिर फोटो वाचणे थरथरत्या हातांना अधिक सोपे जाते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात या साधनांना वेगळे मोल आहे. इथल्या मराठी घरात वर्तमानपत्र मराठी असते, जमिनीचा उतारा आणि सरकारी बसची पाटी कन्नडमध्ये असते आणि गोळ्यांच्या पाकिटावरील मुदत इंग्रजीत छापलेली असते. मजकूर वाचून दाखवणाऱ्या आवाजाला प्रत्येक भाषा स्वतंत्रपणे यावी लागते आणि भारतीय भाषांची सोय इंग्रजीच्या मागून, टप्प्याटप्प्याने आली. भिंगाला ती अट नाही, ज्याला जी लिपी येते ती तो वाचतो.

अर्थात अक्षर चौपट केले की ओळीचा जेमतेम चौथा भाग पडद्यावर उरतो. देवनागरीत वाचकाची खरी दमछाक मात्रा आणि अनुस्वार शोधताना होते, कारण अक्षराचा दांडा स्पष्ट दिसला तरी शिरोरेषेवरचा ठिपका पुसट राहतो. अशा वेळी आणखी मोठे करण्यापेक्षा रंग उलटे करून काळ्यावर पांढरा मजकूर पाहिला, तर प्रकाशाने दिपणाऱ्या डोळ्यांना बहुधा अधिक आराम मिळतो. काचबिंदूमुळे नजरेचा घेर आक्रसलेल्या माणसाला उलट कमी मोठे अक्षरच सोयीचे पडते, नाहीतर आख्खा शब्द एकदम दिसत नाही.

यांतल्या बहुतेक सोयी फोनच्या सेटिंगमध्ये, 'सुलभता' (ॲक्सेसिबिलिटी) या भागात असतात आणि विकत घ्याव्या लागत नाहीत. दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीला आलेल्या माणसाला नजरेच्या आकड्याबरोबर, त्याच्याच फोनवर आणि त्याच्याच आजाराला धरून, त्या सुरू करून दाखवायला हव्यात.