पोर्नोक्रातेस (एचिंग)

पोर्नोक्रातेस हे बेल्जियन चित्रकार फेलिसियँ रोप्स (१८३३-१८९८) याचं सगळ्यात गाजलेलं चित्र. मूळ चित्र १८७८ सालचं, आता त्याच्या जन्मगावी म्हणजे नामूरच्या म्युझियममधे आहे, आणि त्यावरून आल्बेर बर्त्राँने १८९६ मधे रंगीत एचिंग केलं, तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडने रेषा खोदून छापतात ते, त्यामुळे एका चित्राच्या बऱ्याच प्रती निघाल्या. नाव ग्रीक शब्दांवरून बनवलंय, पोर्ने म्हणजे वेश्या आणि क्रातोस म्हणजे सत्ता.

चित्रात डोळ्यांवर पट्टी बांधलेली एक बाई दोरीने डुक्कर घेऊन चाललीये, वर पंखवाली तीन पोरं उडतायत आणि पायाखालच्या संगमरवरी पट्टीत शिल्प, संगीत, काव्य, चित्र या चार कला माना खाली घालून बसल्यात. बाई नग्न आहे म्हणून लोक भडकले असं सरसकट सांगतात, ते मला अर्धवट वाटतं. नग्न बाई तर पॅरिसच्या सलाँमधे, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनात, दर वर्षी असायची, काबानेल या फ्रेंच चित्रकाराची व्हीनस १८६३ मधे खुद्द सम्राट तिसऱ्या नेपोलियनने विकत घेतली, कारण ती देवी होती. रोप्सच्या बाईच्या अंगावर मात्र काळे स्टॉकिंग्ज, लांब काळे हातमोजे आणि हॅट आहे, म्हणजे ही आत्ताची, आपल्याच शहरातली बाई हे बघणाऱ्याला लगेच कळतं, आणि खरा झटका तिथे बसतो. रोप्स पॅरिसमधे ज्या दोन बहिणींसोबत राहायचा त्यांचा फॅशनेबल कपडे शिवायचा धंदा होता, तेव्हा हे कपडे त्याने रोज जवळून पाहिलेले.

त्या काळी फ्रान्स-बेल्जियममधे वेश्याव्यवसाय सरकारी नियमांत बसवलेला होता, बायकांची पोलिसांकडे नोंद, ठरावीक दिवशी डॉक्टरी तपासणी, गिऱ्हाईकाला मात्र काहीच नाही. त्यातच १८७५ मधे फ्रेंच विचारवंत प्रूदोंचं स्त्रियांवर तुटून पडणारं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर आलं, त्याचं नावही ‘पोर्नोक्रासी’च. म्हणजे सगळे निर्बंध बाईवर आणि भीती मात्र तिच्या सत्तेची. हा उलटा हिशोब लक्षात घेतल्याशिवाय चित्राचं नाव नीट कळत नाही असं मला मनापासून वाटतं.

डुकराचा अर्थ काहीजण पुरुषाची वासना असा लावतात, ग्रीक कवी होमरच्या गोष्टीतली जादूगारीण सर्सी खलाशांची डुकरं करते तसं काहीसं. पण पट्टी बाईच्या डोळ्यांवर आहे आणि पुढे डुक्कर चाललंय, त्यामुळे दोरी तिच्या हातात असली तरी वाट तेच दाखवतंय. १८८६ ला ब्रसेल्समधे ‘ले व्हँ’ (म्हणजे ‘वीस’) या कलाकारांच्या ग्रुपच्या प्रदर्शनात चित्र लागलं तेव्हा मोठा गदारोळ झाला.