मागाच्या खटखटाटाखालचा शब्द : संशोधनातील ध्वनिमुद्रणांच्या फॉरमॅटची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या जुन्या विणकराची मुलाखत घ्यायची म्हटले, की शेजारच्या खोलीत बहुधा यंत्रमाग चालू असतो. बोलणारा तेलुगूतून मराठीत आणि मराठीतून पुन्हा तेलुगूत सहज येतो-जातो, आणि मध्येच त्याचा एखादा शब्द मागाच्या खटखटाटाखाली दबतो. त्या दबलेल्या शब्दाचे पुढे काय व्हायचे, हे बऱ्याच अंशी ध्वनिमुद्रण यंत्रावर आधी केलेल्या एका निवडीवर ठरते : आवाज दाबून लहान करणारा एमपी३ फॉरमॅट की तो सहसा जसाच्या तसा ठेवणारा वेव्ह?

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. भारतात भाषांचे नमुने पद्धतशीरपणे ध्वनिमुद्रित करण्याचा मोठा प्रयत्न भाषाभ्यासक जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ ते १९२९ या काळात झाला, आणि त्यासाठी ग्रामोफोनच्या तबकड्या वापरल्या गेल्या. त्यानंतर चुंबकीय फीत आली आणि १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली. कॅसेटमुळे मुलाखती घेणे कोणत्याही अभ्यासकाच्या आवाक्यात आले. या साधनांत आवाज झिजत असे, खरखरत असे. मात्र त्यातला कोणता भाग बिनमहत्त्वाचा आहे, याचा निर्णय साधन स्वतः घेत नसे. तो निर्णय घेणारी साधने डिजिटल काळात आली.

एमपी३च्या मुळाशी टेलिफोनच्या डिजिटल तारेवरून संगीत पाठवता यावे, ही गरज होती. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेतील संशोधकांचा त्यात मोठा वाटा होता. हे तंत्र १९९३ मध्ये चित्र आणि ध्वनी दाबून साठवण्याच्या एमपेग-१ या मानकाचा भाग म्हणून प्रसिद्ध झाले आणि फायलीच्या नावामागचे ‘एमपी३’ हे शेपूट १९९५ मध्ये ठरले. मोठ्या आवाजाच्या लगतचा बारीक आवाज माणसाच्या कानाला जाणवत नाही, या निरीक्षणावर ते उभे आहे : जो कानाला जाणवणार नाही असा हिशेब निघतो, तो भाग ढोबळपणे साठवायचा किंवा टाकूनच द्यायचा. गाणे ऐकणाऱ्यासाठी ही युक्ती उत्तम आहे. पण आपल्या मुलाखतीत मोठा आवाज मागाचा असतो आणि बारीक आवाज माणसाचा. उद्या कोणी चांगल्या साधनाने मागाचा आवाज बाजूला काढून शब्द ऐकू पाहील, तेव्हा त्या शब्दाचा काही भाग आधीच गेलेला असेल. माझ्या मते एमपी३मध्ये मूळ मुद्रण न करण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

साध्या मोबाइलवरील एएमआर फॉरमॅटची गोष्ट याहून बिकट. तो १९९९ मध्ये मोबाइल संभाषणासाठी स्वीकारला गेला; त्यात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मोजमापे, घेतले जातात आणि आवाजाचा सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा राहतो. मराठीत ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन ‘च’ वेगळे आहेत, आणि ‘चारा’तल्या दंत्य ‘च’च्या घर्षणाचा बराच भाग ४,००० हर्ट्झच्या वर असतो. अशा मुद्रणात ऐकणारा संदर्भावरून शब्द ओळखतो; उच्चार मोजणाऱ्याच्या हाती मात्र फारसे काही लागत नाही.

वेव्ह हा फॉरमॅट मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ मध्ये आणला. त्यात सहसा आवाजाचे नमुने जसेच्या तसे ठेवले जातात. युरोपीय प्रसारण संघाने १९९७ मध्ये त्यातच मुद्रणाची तारीख, वेळ आणि मुद्रण करणाऱ्याची नोंद ठेवण्याची सोय करून ब्रॉडकास्ट वेव्ह तयार केला. आंतरराष्ट्रीय ध्वनी व दृक्श्राव्य अभिलेखागार संघटनेच्या मार्गदर्शिकेने जुन्या फिती डिजिटल करताना हाच फॉरमॅट आणि किमान ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८,००० नमुने), २४ बिट (प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजायचा, ते) ही मर्यादा सुचवली. जागेचा हिशेब करायचा, तर या दर्जाची एक तासाची मोनो मुलाखत सुमारे ५२० एमबी होते. ९६ किलोहर्ट्झवर स्टिरिओ मुद्रण केले, तर तासाला दोन जीबींहून थोडे अधिक लागतात, आणि साध्या वेव्ह फायलीची चार जीबींची मर्यादा दोन तासांच्या सुमारास गाठली जाते. सिद्धेश्वराच्या यात्रेत सलग मुद्रण करणाऱ्याने हे आधीच ध्यानात ठेवावे.

जागेची अडचण असेल, तर २००१ मध्ये जॉश कोल्सन यांनी खुला केलेला फ्लॅक, म्हणजे काहीही न टाकता आवाज दाबून ठेवणारा फॉरमॅट, हा मार्ग आहे. फाइल पुष्कळदा निम्म्याच्या आसपास येते, उलगडल्यावर मूळचा प्रत्येक नमुना परत मिळतो, आणि मूळ आवाजाची पडताळणी-खूण फायलीतच राहत असल्याने बिघाड झाल्यास तो कळतो. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटच्या मानकांत त्याचे रीतसर वर्णन प्रसिद्ध झाले, त्यामुळे पुढच्या काळात तो वाचता येईल की नाही, ही शंकाही बरीच कमी झाली आहे.

जुनी एमपी३ फाइल वेव्हमध्ये बदलल्याने गेलेले काही परत येत नाही. फाइल फक्त फुगते आणि पाहणाऱ्याला ती मूळ मुद्रण असल्याचा भास होतो. म्हणून हाती आलेली फाइल, मग ती व्हॉट्सॲपवरून आलेली का असेना, आहे तशीच ठेवावी आणि ती कोणत्या यंत्रावर, कोणत्या फॉरमॅटमध्ये, कोणाच्या घरी मुद्रित झाली याची नोंद तिच्याशेजारी ठेवावी. शेजारी माग चालू होता का, हेही त्या नोंदीत लिहावे.