श्वानोमा का मेनिंजिओमा? सीपी अँगलचा ट्युमर बघताना एवढं डोक्यात ठेवा

व्हायव्हाला सीपी अँगलची (सेरेबेलोपॉन्टाइन अँगल, म्हणजे लहान मेंदू आणि पॉन्समधला कोपरा) फिल्म हमखास लागते आणि समोर पांढरा गोळा दिसला की बरीच पोरं बघताक्षणी ॲकूस्टिक (वेस्टिब्युलर श्वानोमाचं जुनं नाव) म्हणून मोकळी होतात. पोरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण या जागेतले साधारण ८० टक्के ट्युमर वेस्टिब्युलर श्वानोमाच असतात, त्याखालोखाल मेनिंजिओमा १०-१५ टक्के, मग एपिडर्मॉइड आणि बाकीचे. पण एक्झामिनर नेमकी त्या १० टक्क्यातली फिल्म काढतो, आणि ओटीत तर हा फरक पेशंटच्या चेहऱ्यावर जाऊ शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

दोन कॉलमचं टेबल पाठ करत बसू नका, ते ऐन वेळी उलटसुलट होतं. एकच गोष्ट विचारा, हा उगवला कुठून? श्वानोमा आठव्या नर्व्हच्या वेस्टिब्युलर भागातल्या श्वान सेलमधून येतो, म्हणजे बहुतेक वेळा इंटरनल ऑडिटरी कॅनालच्या आत नाहीतर तोंडाशी. मेनिंजिओमा येतो ॲरॅक्नॉइड कॅप सेलमधून, म्हणजे पेट्रस हाडाच्या (कानाचं हाड) मागच्या अंगाच्या ड्युराला (मेंदूवरचं जाड आवरण) धरून. बाकीचं बरंचसं यातूनच निघतं.

आता फिल्म बघा. श्वानोमा कॅनालमध्ये वाढतो त्यामुळे कॅनाल रुंद होतो, मग बाहेर जागा मिळाली की सिस्टर्नमध्ये (बाहेरची पाण्याची जागा) गोल फुगतो, त्याला सगळे आईस्क्रीम कोन म्हणतात ते यामुळेच, आणि गोळा गोल असल्यामुळे पेट्रसशी त्याचा अँगल ॲक्यूट होतो. मेनिंजिओमा ड्युरावर पसरून बसलेला असतो, बेस रुंद, अँगल ऑब्ट्यूज, ट्युमरचा मध्य कॅनालच्या तोंडापासून पुढे नाहीतर मागे सरकलेला आणि कॅनाल बहुतेक वेळा नॉर्मल. सीटीची बोन विंडो मागायला लाजू नका, कॅल्सिफिकेशन किंवा हायपरऑस्टोसिस दिसलं तर पारडं मेनिंजिओमाकडे झुकतं, श्वानोमात कॅल्शियम क्वचितच. उलट सिस्ट आणि एसडब्ल्यूआयवर (रक्त दाखवणारा एमआरआय सिक्वेन्स) बारीक बारीक ब्लीड दिसले तर श्वानोमा.

ड्युरल टेलवर (ट्युमरच्या कडेनं ड्युराची चमकणारी शेपटी) मात्र डोळे झाकून विश्वास नको. टेल श्वानोमातही कधीकधी दिसते, आणि मेनिंजिओमाही कॅनालमध्ये शिरू शकतो, म्हणून "टेल आहे सर, मेनिंजिओमा" एवढ्यावर थांबलात तर पुढचा प्रश्न अवघड जाणार. टेल, बेस, अँगल, कॅनाल आणि हाड सगळं मिळून उत्तर द्यायचं.

हिस्टरी. यात सोलापूरची एक वेगळी अडचण आहे. समजा अक्कलकोट रोड एमआयडीसीत आयुष्यभर यंत्रमागावर काम केलेले पंचावन्न-साठीचे मामा ऐकू कमी येतंय म्हणून आले, तर घरच्यांपासून डॉक्टरपर्यंत सगळे म्हणणार मागाच्या आवाजानं कान गेले. आवाजानं जाणारे कान साधारण दोन्ही बाजूला सारखे जातात आणि ऑडिओग्रामला ४००० हर्ट्झच्या आसपास खाच दिसते. एकच कान जास्त गेलाय, त्याच कानात सूं सूं आवाज येतोय, चालताना तोल जातोय, तर कारखान्याला दोष देऊन मामांना घरी पाठवायचं नाही, एमआरआय करायचाच. ट्यूनिंग फोर्कनं बघा, वेबर चांगल्या कानाकडे जातं, रिने दोन्हीकडे पॉझिटिव्ह. आणि विचारा, "मामा, फोन कुठल्या कानाला लावता?" श्वानोमात आवाज कळतो पण शब्द कळत नाही, स्पीच डिस्क्रिमिनेशन प्युअर टोनच्या मानानं फारच खाली असतं. हो, ही टेस्ट पेशंटच्या घरच्या भाषेत घ्या, इथं पूर्व भागात घरात तेलुगू बोलणारे किती आहेत, कन्नडवाले किती, मराठी शब्द वाचून दाखवले आणि स्कोअर पडला तर तो कानाचा का भाषेचा हे कसं कळणार?

मेनिंजिओमा नर्व्हमधून उगवत नाही म्हणून ऐकू येणं बऱ्याचदा टिकून असतं, ट्युमर मोठा असला तरी, आणि त्या मानानं चेहऱ्याचा बधिरपणा किंवा दुखणं, फेशियलचा (सातवी नर्व्ह, चेहरा हलवणारी) त्रास जास्त बघायला मिळतो. बायकांमध्ये प्रमाण जास्त. श्वानोमात फेशियल नर्व्ह पातळ पापुद्र्यासारखी ताणली गेली तरी चेहरा चांगला राहतो, म्हणून छोट्या ट्युमरबरोबर फेशियल पाल्सी दिसली तर फेशियल श्वानोमाचाही विचार करा. कॉर्नियल रिफ्लेक्स दोन्हीत तपासायचा, पाचवी नर्व्ह दबायला लागल्याची ती लवकरची खूण.

खरा जीव अडकतो तो फेशियल कुठं आहे यावर. कॅनालच्या फंडसला आडवी क्रेस्ट वरचा-खालचा भाग वेगळा करते आणि वरच्या भागात उभा बिल्स बार असतो, पुढे वर फेशियल, पुढे खाली कॉक्लियर, मागे दोन्ही वेस्टिब्युलर. श्वानोमा मागच्या नर्व्हमधून येतो म्हणून फेशियलला बहुतेक वेळा पुढे ढकलतो, रेट्रोसिग्मॉइडनं (कानामागून, लहान मेंदूच्या बाजूनं) गेलात तर ती ट्युमरच्या पलीकडे असते, तरीही मागची कॅप्सूल आधी स्टिम्युलेट करा, मग आतून डिबल्क. मेनिंजिओमात हा नियम लागू होत नाही. ड्युराची मुळी मिएटसच्या (कॅनालचं तोंड) पुढे असेल तर सातवी-आठवी मागे ढकललेली असते, म्हणजे ड्युरा उघडून सेरेबेलम सैल केला की ट्युमरच्या आधी नर्व्हच समोर येते आणि त्यांच्यामधल्या फटीतून काम करावं लागतं. मुळी मिएटसच्या मागे असेल तर नर्व्ह पुढे, आणि आधी बेस जाळून रक्तपुरवठा तोडता येतो, काम बरंच सोपं होतं. ऑपरेशनच्या आधी फिल्मवर मुळी मिएटसच्या कुठल्या बाजूला आहे ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

पॅथॉलॉजी पटकन, अँटोनी ए, अँटोनी बी, व्हेरोके बॉडी, एस-१०० जोरात पॉझिटिव्ह तर श्वानोमा, व्होर्ल, सॅमोमा बॉडी, ईएमए पॉझिटिव्ह तर मेनिंजिओमा. पण एनएफ२ जीन, क्रोमोझोम २२, दोघांच्याही मागे लागलेला आहे, त्यामुळे दोन्ही बाजूला श्वानोमा असलेल्या तरुण पेशंटमध्ये मेनिंजिओमाही शोधा. ग्रेड विचारले तर श्वानोमाच्या साइजला कूस, मेनिंजिओमा किती काढला याला १९५७ चं सिम्पसन, यांची अदलाबदल करू नका.

आणि ॲप्रोच सांगायच्या आधी ऑडिओग्राम मागा. ट्रान्सलॅबिरिंथाइन (आतल्या कानातून जाणारा रस्ता) केलं की त्या कानाचं ऐकू येणं गेलंच, मोठ्या श्वानोमात कान आधीच गेलेला असेल तर ते चालतं, पण मेनिंजिओमात ट्युमर तेवढाच मोठा असून कान चांगला असू शकतो, कधीकधी ऑपरेशननंतर सुधारतोही, अशा पेशंटला रेट्रोसिग्मॉइड सांगा आणि का ते एका वाक्यात सांगा.